मार्कडाउनचे एचटीएमएल ब्राउझरमध्येच करताना

मार्कडाउनसारख्या साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर ब्राउझरमध्येच एचटीएमएलमध्ये (वेबपान ज्या टॅगांनी रचले जाते त्या भाषेत) बदलायचा असेल, तर त्यासाठी लिहावा लागणारा कोड दोन-तीन ओळींचाच असतो. एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, पानाला जोडायची, तिच्या फंक्शनला मजकूर द्यायचा आणि परत आलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ) एखाद्या रिकाम्या डिव्हमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटीत, भरायची, की काम झाले. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुष्कळदा त्यांचे भागतेही. पण मजकूर देवनागरीत असला, तो कोणी परक्याने लिहिलेला असला किंवा टंकन चालू असतानाच शेजारच्या चौकटीत त्याचे रूप दिसत राहावे अशी अपेक्षा असली, म्हणजे त्या दोन-तीन ओळींच्या पोटात काय चालते हे माहीत नसून चालत नाही. कोणती लायब्ररी सर्वांत वेगवान, या प्रश्नात मला फारसे स्वारस्य नाही. सामान्य लांबीच्या लेखासाठी आज प्रचलित असलेली कोणतीही लायब्ररी पुरेशी वेगवान असते. ती मजकुराची रचना कशी ओळखते आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या एचटीएमएलवर किती विश्वास ठेवायचा, हे दोन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. त्याच्या घडणीत एरन स्वार्ट्झ यांचाही सहभाग होता. लिहिण्याची एक पद्धत आणि ती पद्धत एचटीएमएलमध्ये उतरवणारा पर्ल भाषेतला प्रोग्रॅम, अशा दोन्ही गोष्टींचे ते नाव होते. पद्धतीचे वर्णन वाचायला सुबोध असले, तरी ते काटेकोर व्याकरण नव्हते. यादीच्या आतली यादी किती जागा सोडून सुरू व्हावी, मध्ये रिकामी ओळ न सोडता परिच्छेदाला लागूनच यादी सुरू करता येते का, ठळक आणि तिरप्या अक्षरांच्या खुणा एकमेकींत अडकल्या तर आधी कोणती बंद झाली असे धरायचे, अशा प्रश्नांची उत्तरे त्या वर्णनात नव्हती. २००७ साली जॉन फ्रेझर यांनी तो प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये उतरवला, तो म्हणजे शोडाउन. पुढे २०११ मध्ये मार्क्ड आली, आणि अशा प्रत्येक लायब्ररीने या मोकळ्या जागा आपापल्या समजुतीने भरल्या. परिणामी एकच मजकूर दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसू लागला. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉमनमार्क नावाचे विवरण पुढे आणले, ज्यात सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत आणि प्रत्येक उदाहरणाशेजारी त्याचे अपेक्षित एचटीएमएल दिलेले आहे. गिटहबने तक्ते, कामांच्या याद्या आणि काट मारलेला मजकूर यांची भर घालून २०१७ साली आपले विवरण प्रसिद्ध केले, तेही कॉमनमार्कवरच बेतलेले आहे. लायब्ररी निवडताना मी आधी हे पाहतो की ती या उदाहरणांना उतरते का. ब्राउझरमध्ये लिहिलेला मजकूर उद्या सर्व्हरवर दुसऱ्याच भाषेतल्या प्रोग्रॅमकडून बदलला जाण्याची शक्यता असते, आणि तेव्हा दोन्हींचे निकाल जुळावेत यासाठी दुसरा आधार नाही.

स्वतःच चार रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक नमुने शोधणारी सूत्रे) लिहून हे काम उरकावे, असा मोह जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हमखास होतो. दोन तारकांच्या मधले ते तिरपे, चार तारकांच्या मधले ते ठळक, ओळीच्या सुरुवातीला # आले की शीर्षक, असे शोधा-आणि-बदला चालवले की पहिल्या दहा वाक्यांवर निकाल ठीक दिसतो. मग कोणीतरी २ * ३ * ४ असे लिहितो आणि मधला ३ तिरपा होऊन दोन्ही तारका गायब होतात. कोडच्या तुकड्यातल्या तारकांनाही हाच नियम लागतो, कारण शोधा-आणि-बदला करणाऱ्याला आपण कोडच्या आत आहोत की बाहेर याची खबर नसते. बदलांचा क्रम उलटसुलट करून, कोडचे तुकडे आधी बाजूला काढून, त्यांच्या जागी खुणेचे शब्द ठेवून आणि शेवटी ते परत बसवून हे निस्तरता येते. जुन्या लायब्ररींमध्ये अशी कसरत सर्रास दिसते. परंतु प्रत्येक नव्या अडचणीसाठी नवी पट्टी लावावी लागते, आणि एका पट्टीने झाकलेले दुसरीने उघडे पडते.

कॉमनमार्कने सुचवलेली रीत वेगळी आहे आणि ती समजून घेतली की बरीचशी कोडी आपोआप सुटतात. रूपांतर दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मजकूर ओळीओळीने वाचून केवळ मोठी रचना ठरवली जाते: हा परिच्छेद, ही यादी, हे अवतरण, हा कोडचा ठोकळा. या टप्प्यात शब्दांमधल्या तारका किंवा चौकटी कंस यांच्याकडे कोणी पाहतही नाही. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक परिच्छेदाच्या किंवा शीर्षकाच्या आतला मजकूर स्वतंत्रपणे तपासून ठळक, तिरपे, दुवे आणि कोडचे लहान तुकडे ओळखले जातात. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ठळक अक्षरांची खूण एका परिच्छेदात उघडून दुसऱ्यात बंद करता येत नाही, यादीच्या एका कलमात उघडून पुढच्या कलमात तर नाहीच. दुसरी म्हणजे दुव्यांचे पत्ते लेखाच्या तळाशी एकत्र लिहिण्याची सोय शक्य होते, कारण पहिला टप्पा संपेपर्यंत ते सगळे पत्ते गोळा झालेले असतात. टप्प्यांच्या या विभागणीमुळे काही चकवेही उरतात. परिच्छेदाच्या लगेच खाली, मध्ये रिकामी ओळ न सोडता, आडवी रेघ हवी म्हणून तीन डॅश टाकले, तर रेघ येत नाही. वरचा परिच्छेदच दुसऱ्या पातळीचे शीर्षक होऊन बसतो. परिच्छेदाची पहिली ओळ चार जागा आत ढकलून सुरू करण्याची छापील सवय असलेल्यांचा तो परिच्छेद कोडच्या ठोकळ्यात जातो.

दुसऱ्या टप्प्यातला तारकांचा नियम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण मराठी लिहिणाऱ्याची खरी गाठ तिथे पडते. तारका ठळकपणा सुरू करते की संपवते, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांवरून ठरते. तिच्या पुढे मोकळी जागा असेल तर ती सुरुवात करू शकत नाही, आणि मागे मोकळी जागा असेल तर शेवट करू शकत नाही. म्हणूनच कॉमनमार्क पाळणारी लायब्ररी २ * ३ * ४ ला हात लावत नाही. (मोकळ्या जागा न सोडता २*३*४ लिहिले तर मात्र ३ तिरपा होतोच, तिथे तारकेआधी उलटी तिरकी रेघ हवी.) शेजारी विरामचिन्ह आले की नियम आणखी कडक होतो. बंद करू पाहणाऱ्या तारकांच्या मागे विरामचिन्ह असेल, तर त्यांच्या पुढे मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह असावेच लागते. शब्दांमध्ये जागा सोडणाऱ्या आणि शब्दयोगी अव्यये वेगळी लिहिणाऱ्या भाषांना या अटीचा त्रास होत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. **मराठी**त असे लिहिले तर ठीक चालते, कारण तारकांच्या मागे वेलांटी आहे आणि वेलांटी हे विरामचिन्ह नव्हे. पण **‘मराठी’**त असे लिहिले की मागे अवतरणचिन्ह, पुढे ‘त’, आणि चारही तारका जशाच्या तशा पानावर उमटतात. **कि.मी.**मध्ये याची गत तीच, कारण संक्षेपाचा टिंब हेही विरामचिन्हच. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांनाही हा अडथळा सतत जाणवतो, कारण त्यांच्या लिपींत शब्दांमध्ये जागाच नसते. यावरचा सोपा उपाय म्हणजे प्रत्ययही ठळक करून **‘मराठी’त** असे लिहिणे, किंवा अवतरणचिन्हे तारकांच्या बाहेर काढणे. तारकांऐवजी अधोरेखा वापरणाऱ्यांना तर _मराठी_त इतके साधे रूपही मिळत नाही. चलांच्या नावांमधल्या अधोरेखा चुकून तिरप्या होऊ नयेत यासाठी शब्दाच्या पोटातली अधोरेखा खूण मानायची नाही असे ठरलेले आहे. मराठी मजकुरासाठी म्हणूनच मी तारकाच सुचवीन.

क्रमांकित याद्यांची गोष्ट याहून ढोबळ आहे. विवरणानुसार यादीचा क्रमांक इंग्रजी अंकांतच असावा लागतो, तोही फार तर नऊ अंकी. ओळीच्या आरंभी १. असे देवनागरीत लिहिले, तर लायब्ररीच्या दृष्टीने तो साधा परिच्छेद आहे. आणि परिच्छेदातल्या ओळी पानावर एकापुढे एक जोडल्या जात असल्यामुळे पाच कलमांची यादी एका लांबलचक ओळीत सांडते. रूपांतरापूर्वी ओळींच्या सुरुवातीचे देवनागरी अंक इंग्रजी करून टाकणे ही पहिली सुचणारी युक्ती आहे, पण ती कोडच्या ठोकळ्यांतल्या ओळीही बदलते, म्हणजे पुन्हा शोधा-आणि-बदलाचाच दोष. मार्कडाउन-इटसारख्या लायब्ररीत यादी ओळखणारा नियम तेवढा बदलून घेता येतो, आणि तो पहिल्या टप्प्यातच चालत असल्याने कोडला धक्का लागत नाही. यादी एकदा ओळखली गेली की पानावर अंक देवनागरीत दाखवणे सोपे आहे: पानाचे दिसणे ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीच्या क्रमांकांसाठी देवनागरी हा प्रकार आधीपासून उपलब्ध आहे. गमतीचा भाग असा की परिच्छेदाच्या आरंभी कोणी इंग्रजी अंकांत एखादे साल लिहून पुढे टिंब दिले, तर त्या सालापासून सुरू होणारी एककलमी यादी तयार होते. देवनागरी अंक वापरणारा या अपघातातून वाचतो.

शीर्षकांना आपोआप दिले जाणारे आयडी, म्हणजे पानातली ओळखनावे, हे मराठी अडते असे तिसरे ठिकाण. अनुक्रमणिकेतून थेट शीर्षकावर उडी मारता यावी म्हणून अनेक लायब्ररी किंवा त्यांची विस्तारके शीर्षकाच्या शब्दांवरून आयडी बनवतात आणि त्यासाठी अक्षर नसलेली चिन्हे गाळतात. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला शब्दाक्षरांचा जुना वर्ग फक्त इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेखा ओळखतो, त्यामुळे मराठी शीर्षकाचा आयडी रिकामाच उरतो. २०१८ च्या एक्मास्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचे प्रमाणित विवरण) आवृत्तीपासून युनिकोडचे, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना सांकेतिक अंक देणाऱ्या व्यवस्थेचे, गुणधर्म वापरता येतात, पण तिथेही केवळ ‘अक्षर’ हा गुणधर्म मागितला तर काना, मात्रा, वेलांट्या गळतात, कारण युनिकोडमध्ये त्या ‘चिन्ह’ या निराळ्या गटात मोडतात. ‘मराठी’चे ‘मरठ’ होते आणि ‘मराठा’चेही ‘मरठ’च होते, म्हणजे दोन शीर्षकांचा आयडी एकच. अक्षर आणि चिन्ह असे दोन्ही गट ठेवले की प्रश्न मिटतो. शिवाय ‘दऱ्या’ मधला ऱ एका सांकेतिक अंकाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन अंकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण आयडीची तुलना करणाऱ्या ब्राउझरला वेगळे. म्हणून आयडी बनवण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणावा. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगला स्वतःचीच पद्धत आहे. पत्त्याच्या ओळीत असा आयडी टक्केचिन्हांच्या रूपात लांबतो, आणि पाच सांकेतिक अंकांचा ‘मराठी’ हा शब्द तिथे ४५ चिन्हे व्यापतो. स्क्रिप्टमधून त्याचा शोध घेण्याआधी तो उलगडून घ्यायला विसरू नये.

आता विश्वासाचा प्रश्न. मूळ मार्कडाउनमध्ये मजकुरात थेट एचटीएमएल लिहिण्याची मुभा आहे आणि कॉमनमार्कनेही ती ठेवली आहे. स्वतःच्या टिपणांसाठी ती सोयीची असते. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपल्या पानावर दाखवताना तीच धोक्याची होते. स्ट्रिंगच्या मार्गाने डिव्हमध्ये भरलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, हे ऐकून काहींना हायसे वाटते, पण त्याचा उपयोग नाही. न सापडणाऱ्या चित्राचा पत्ता आणि चित्र न सापडल्यास काय करावे हे सांगणारा गुणधर्म असा एक टॅग पुरेसा असतो. तो कोड चालतो. मार्क्ड आपले एचटीएमएल निर्धोक करून देत नाही आणि तिच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. मार्कडाउन-इट मूळ मांडणीत एचटीएमएल टॅग साध्या मजकुरासारखे दाखवते आणि दुव्याच्या पत्त्यातली ‘जावास्क्रिप्ट:’ सारखी सुरुवातही नाकारते, त्यामुळे अनोळखी मजकुरासाठी माझा कल तिच्याकडे आहे. तरीही तिला जोडलेली विस्तारके तितकीच काटेकोर असतील याची हमी ती देऊ शकत नाही.

म्हणून शेवटी धोकादायक टॅग आणि पत्ते काढून टाकणारी एक गाळणी हवी आणि ती कोणत्या जागी बसवायची हे नेमके ठरवायला हवे. पुष्कळ जण मूळ मजकूर आधी गाळून मग त्याचे रूपांतर करतात. ही जागा चुकीची आहे. चौकटी कंसात ‘येथे पाहा’ आणि गोल कंसात जावास्क्रिप्टने सुरू होणारा पत्ता, एवढेच लिहिले तर त्यात एकही टॅग नसतो, त्यामुळे आधी बसवलेल्या गाळणीला काहीच सापडत नाही. धोकादायक दुवा रूपांतरानंतर जन्माला येतो. उलट निरुपद्रवी मजकूर मात्र अशा गाळणीत बिघडू शकतो, कारण अवतरणासाठी ओळीच्या आरंभी लिहिलेले > तिला अर्धवट टॅगचा तुकडा वाटू शकते. गाळणी रूपांतरानंतर आणि पानात भरण्याच्या अगदी आधी असावी, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या स्ट्रिंगवर पुन्हा कोणतीही शोधा-आणि-बदला क्रिया करू नये. इमोजी बसवणे, मोकळे पत्ते दुव्यांत बदलणे ही कामे आधीच उरकावीत. डॉमप्युरिफाय ही या कामाची प्रचलित लायब्ररी ब्राउझरचाच पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा भाग) वापरून पानातल्या घटकांचे झाड तयार करते आणि परवानगी नसलेल्या फांद्या छाटते. तिची मूळ यादी मात्र मार्कडाउनच्या गरजेपेक्षा बरीच उदार आहे. फॉर्म आणि स्टाइलही ती राहू देते, म्हणजे खोटा लॉगिन फॉर्म रंगवण्याइतकी सामग्री लिहिणाऱ्याच्या हाती उरते. मार्कडाउनमधून निघणारे टॅग मोजकेच आहेत, तेवढ्यांचीच यादी तिला द्यावी. बाहेरच्या चित्रांचे काय करायचे तेही ठरवावे लागते, कारण चित्र दिसताक्षणी वाचकाचा आयपी पत्ता परक्या सर्व्हरकडे पोचतो. रूपांतर ब्राउझरमध्येच होते, मजकूर बाहेर जात नाही, असे आपण अभिमानाने सांगत असतो, आणि एका चित्रामुळे ते विधान अर्धेच खरे उरते.

टंकतानाच रूप दाखवायचे असेल तर वेळेचा हिशेब सुरू होतो. प्रत्येक अक्षरागणिक संपूर्ण लेखाचे रूपांतर करण्याऐवजी टंकन क्षणभर थांबण्याची वाट पाहावी, हे सर्वज्ञात आहे. मराठीसाठी त्यात एक भर घालावी लागते: लिप्यंतराच्या कळफलकाने लिहिताना शब्द पूर्ण होईपर्यंत चौकटीत अर्धवट रूप असते, आणि ब्राउझर अशा जुळणीचा आरंभ व शेवट वेगळ्या घटनांनी कळवतो. जुळणी चालू असताना रूपांतर थांबवले की शेजारची चौकट लुकलुकत नाही. कोडच्या ठोकळ्याचे कुंपण (त्याचा आरंभ आणि शेवट दाखवणारी खूण) उघडून अजून बंद केले नसेल तर मात्र खालचा सगळा लेख काही क्षण कोडसारखा दिसतो. विवरणानुसार ते योग्यच आहे आणि ते खपवून घेणे मला बरे वाटते. लांब दस्तऐवजासाठी पार्सर वेब वर्करमध्ये, म्हणजे पानाच्या मुख्य धाग्याबाहेर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, नेता येतो, परंतु वर्करला पानाचे झाड उपलब्ध नसल्याने डॉमप्युरिफाय मुख्य धाग्यावरच चालवावी लागते. दरवेळी संपूर्ण डिव्ह नव्याने भरल्यास निवडलेला मजकूर सुटतो आणि चौकटीतली चित्रे पुन्हा उभी राहतात. जुन्या आणि नव्या झाडांची तुलना करून फरक तेवढाच बदलणारी मॉर्फडॉमसारखी लहान लायब्ररी इथे फार उपयोगी पडते. दोन्ही चौकटी सोबत सरकवायच्या असतील तर मार्कडाउन-इट प्रत्येक ठोकळ्याबरोबर तो मूळ मजकुराच्या कोणत्या ओळींतून आला हे सांगते, तेवढ्यावर ते काम होते.

वेग या विषयावर एकच गोष्ट गंभीर आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनवर आधारलेल्या पार्सरला मुद्दाम रचलेला काही किलोबाइटचा मजकूर दिला, तर मागे जाऊन पुन्हापुन्हा जुळवून पाहण्यात तो टॅब गोठवू शकतो. मार्क्डमधल्या अशा त्रुटी २०२२ साली दुरुस्त करण्यात आल्या. त्यामुळे लायब्ररीची एक प्रत वर्षानुवर्षे पानात पडून राहू देणे बरे नव्हे.

सगळे रूपांतर ब्राउझरवर टाकावे असे माझे मत नाही. जो लेख एकदा लिहून हजार वेळा वाचला जाणार, त्याचे एचटीएमएल प्रकाशित करतानाच तयार करावे. प्रत्येक वाचकाच्या यंत्राकडून तेच काम नव्याने करून घेण्यात आणि तोवर त्याला कोरे पान दाखवण्यात काही शहाणपण नाही. संपादकाची चौकट, खाजगी टिपणे, जोडणी नसताना चालणारी साधने आणि सर्व्हरवर काहीच चालवता येत नाही अशी पाने, ही ब्राउझरमधल्या रूपांतराची खरी क्षेत्रे आहेत. साठवताना मात्र दोन्ही प्रकारांत मूळ मार्कडाउनच साठवावे, कारण गाळणीचे नियम किंवा लायब्ररी बदलल्यावर एचटीएमएल पुन्हा तयार करता येते, उलट प्रवास नीट होत नाही. आणि पान वाचकाच्या ब्राउझरमध्येच घडणार असेल, तर मूळ मजकूर लपलेल्या स्क्रिप्ट टॅगमध्ये न ठेवता दिसणाऱ्या, पूर्वमांडणी जपणाऱ्या घटकात ठेवावा; त्यातली < आणि & ही चिन्हे तेवढी सुरक्षित रूपात लिहावी लागतात. लायब्ररी आली की त्या घटकाच्या जागी एचटीएमएल येते. ती काही कारणाने पोचलीच नाही, तर वाचकासमोर तारका आणि # यांच्यासकट पूर्ण लेख उरतो, आणि मार्कडाउन तसेही वाचता यावे अशाच बेताने रचलेले आहे.